ग्यॉंगजू (दक्षिण कोरिया): दोन दिवसांत काय पाहावं आणि कोणत्या क्रमानं?

सोनटक्का

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बुसानहून ग्यॉंगजूला जायचं ठरतंय. दोन दिवस, मध्ये एक रात्र. आम्ही तिघं. सासूबाईंचे गुडघे दुखरे आहेत. सपाटीवर तासभर चालतात, चढ आणि पायऱ्या बेतानंच. गाडी भाड्यानं घेणार नाही. दोघं शाकाहारी, अंडं चालतं.

हाताशी असलेलं गाईडबुक जुनं आहे. त्यात 'बुल्गुक्सा स्टेशनवर उतरा' असं लिहिलंय, पण असं स्टेशनच वेळापत्रकात सापडत नाही. बुल्गुक्सा, सॉक्गुराम, थडग्यांच्या टेकड्या, वॉल्जी तलाव, म्युझियम, नामसान आणि समुद्रातली समाधी एवढी नावं जमवली आहेत. याद्या नेटवर ढिगानं आहेत, क्रम कुणी सांगत नाही. काय ठेवावं, काय गाळावं?

---

पायपीट

ते स्टेशन सापडणार नाही, कारण ते बंद झालंय. डिसेंबर २०२१ मध्ये गावातून जाणारा जुना रेल्वेमार्ग हलवला. त्याबरोबर गावातलं जुनं ग्यॉंगजू स्टेशन आणि बुल्गुक्सा स्टेशन दोन्ही गेली. गावाबाहेर सुमारे १० किलोमीटरवर केटीएक्सचं (वेगवान रेल्वेचं) 'शिनग्यॉंगजू' स्टेशन होतं, त्याचं नाव २०२३ च्या शेवटी नुसतं 'ग्यॉंगजू' करून टाकलं. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं 'ग्यॉंगजू स्टेशनपासून चालत दहा मिनिटं' हे वाक्य आज वाचलंत तर सरळ फसाल. २०२१ च्या आधीच्या कुठल्याही पुस्तकातली स्टेशनं आणि अंतरं विसरा. देवळं जागची हललेली नाहीत, तेवढं वाचायला हरकत नाही.

बुसानहून येणार असाल तर केटीएक्सच्या नादी लागू नका. गाडी अर्ध्या तासात पोचते हे खरं, पण पुढे गावात यायला पुन्हा बस किंवा टॅक्सी. त्यापेक्षा बुसान मेट्रोच्या १ नंबर लाइनचं उत्तरेकडचं शेवटचं स्टेशन नोपो. तिथेच बस टर्मिनल आहे. तिथून ग्यॉंगजूची बस साधारण तासाभरात गावाच्या टर्मिनलवर सोडते, आणि तिथून थडग्यांचं मोठं उद्यान पायी पंधरा मिनिटांच्या आत. सोलहून येणाऱ्यांचं गणित उलटं आहे: बसला चार तासांच्या आसपास, केटीएक्सला दोन, तेव्हा त्यांनी रेल्वेच घ्यावी.

आता क्रम. ग्यॉंगजूची ठिकाणं चार गठ्ठ्यांत पडतात आणि गठ्ठे एकमेकांपासून लांब आहेत. गावातला सपाट गठ्ठा: देरुंगवॉन (थडग्यांचं उद्यान), चॉमसॉन्गदे (जुनी वेधशाळा), वॉल्सॉन्गचा टेकाडी किल्ला, ग्योचोन वाडी, वॉल्जॉन्ग्यो पूल, म्युझियम, वॉल्जी. आग्नेयेला तोहामसान डोंगर: पायथ्याशी बुल्गुक्सा मठ, वर सॉक्गुराम गुहा. दक्षिणेला नामसान डोंगर. पूर्वेला समुद्र. एका दिवसात एकच गठ्ठा, फार तर एक आणि अर्धा. लोक सकाळी बुल्गुक्सा, दुपारी गावात, संध्याकाळी समुद्र असं मांडतात आणि निम्मा दिवस बस स्टॉपवर काढतात.

तुमच्यासाठी: पहिला दिवस गाव, रात्री वॉल्जी. दुसरा दिवस तोहामसान. नामसान आणि समुद्र गाळा.

---

वाटसरू_कोल्हापूर

दोन दिवस कशाला लागतात? बुसानहून एका दिवसाच्या सहली निघतात की. सकाळी बुल्गुक्सा, दुपारी टेकड्या, संध्याकाळी तलाव आणि परत. बसनं नेतात, बसनं आणतात.

---

गारगोटी

होतं, वाटसरू. पण त्या सहलींत दोन गोष्टी कापल्या जातात, म्युझियम आणि सॉक्गुराम, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींसाठी लोकांनी ग्यॉंगजूला जावं असं माझं मत आहे. सिल्ला राज्याची राजधानी इथे जवळजवळ हजार वर्षं होती (परंपरेनं इ.स.पू. ५७ ते इ.स. ९३५). एवढ्या काळातल्या लाकडी वास्तू जळाल्या. उरलं ते दगडात आणि जमिनीखाली. जमिनीखालचं सगळं म्युझियममध्ये आहे. ते न पाहता टेकड्या पाहिल्या तर हिरवळीचे ढीग पाहिल्यासारखं होतं.

थडग्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे पाट्या वाचून फारसं हाती लागत नाही.

देरुंगवॉनच्या कुंपणात २३ मोठी थडगी आहेत. उद्यानात प्रवेश २०२३ पासून फुकट. फक्त चॉन्माचोंगच्या आत जायला तिकीट (३,००० वॉन). आत जाता येतं असं देरुंगवॉनमधलं हे एकच थडगं, त्यामुळे ते तिकीट वाचवू नका. आत अर्धा भाग कापून दाखवल्यासारखी रचना आहे. मधोमध लाकडी दालन, त्यात शवपेटी आणि वस्तूंची पेटी. त्यावर नदीतल्या गोट्यांचा प्रचंड ढीग. त्यावर चिकणमातीचा थर, म्हणजे पाणी मुरू नये. आणि सगळ्यावर माती. काही वर्षांनी लाकूड कुजतं, दालन बसतं आणि गोटे आत कोसळतात. यामुळेच ही थडगी लुटली गेली नाहीत: चोरानं भुयार खणलं की वरचे गोटे भुयारात ओघळतात. बाजूनं दार असलेली, दगडी खोलीची पुढच्या काळातली थडगी मात्र बहुतेक रिकामी सापडली.

चॉन्माचोंग १९७३ मध्ये उकरलं. ११,५०० हून अधिक वस्तू निघाल्या. सोन्याचा मुकुट, आणि बर्चच्या सालीवर रंगवलेला पांढरा घोडा. हा घोडा खोगिराखालच्या चिखलरोधक पट्ट्यावर आहे. सिल्लाची चित्रं जवळजवळ काहीच उरलेली नाहीत, म्हणून त्याला एवढा मान. थडग्याच्या आत दिसतात त्या प्रतिकृती; अस्सल वस्तू म्युझियममध्ये.

शेजारचं ह्वांगनामदेचोंग हे जुळं थडगं, दक्षिणोत्तर १२० मीटर लांब, २३ मीटर उंच. गंमत अशी की सोन्याचा मुकुट उत्तरेकडच्या, बाईच्या थडग्यात निघाला. दक्षिणेकडच्या पुरुषाच्या थडग्यात सोन्याचा मुलामा दिलेला ब्राँझचा. यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत.

रस्त्यापलीकडे नोदोंग-नोसॉ भागातल्या टेकड्या आहेत. कुंपण नाही, तिकीट नाही, गर्दीही कमी. बोंगह्वांगदे टेकडीवर भलीमोठी झाडं उगवलीत, ती चुकवू नका. तिथल्याच सॉबोंगचोंगच्या उत्खननात १९२६ मध्ये स्वीडनचे युवराज गुस्ताफ अडॉल्फ स्वतः सहभागी झाले होते.

एक सूचना: कुठल्याही टेकडीवर चढायचं नाही. हिरवळ पाहून मुलं धावतात, मोठी माणसं फोटोसाठी चढतात. तो कायद्यानं गुन्हा आहे.

---

सोनटक्का

गारगोटी, पायपीट, खूप आभार. म्युझियमला किती वेळ धरावा? आणि सगळे मुकुट तिथे दिसतात का?

---

गारगोटी

नाही. सिल्लाचे सोन्याचे मुकुट एकूण सहा सापडलेत, पण ते एका ठिकाणी नसतात. ह्वांगनामदेचोंगचा मुकुट सहसा सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. २०२५ च्या शरद ऋतूत एपेकची (आशिया-पॅसिफिक देशांची) शिखर परिषद ग्यॉंगजूत भरली, तेव्हा सहाही पहिल्यांदा एकत्र मांडले होते. एरवी ग्यॉंगजूत चॉन्माचोंगचा आणि गुमग्वानचोंगचा पाहायला मिळतो. मुकुट पाहताना उभ्या फांद्या, मागची हरणाच्या शिंगांसारखी दोन शिंगं आणि लोंबणारे स्वल्पविरामाच्या आकाराचे जेडचे मणी एवढ्याकडे लक्ष द्या. पत्रा फार पातळ आहे, त्यामुळे रोज डोक्यावर घालायचा मुकुट तो हाच की मृतासाठी केलेला, यावरही दोन तट आहेत.

म्युझियमला दोन तास. प्रवेश फुकट. आवारात राजा सॉन्गदॉकची घंटा आहे, ७७१ साली ओतलेली, वजन १८.९ टन, उंची साडेतीन मीटरच्या वर. ती आता वाजवत नाहीत, ध्वनिमुद्रण ठरावीक वेळानं लावतात. ऐकायला थांबा, एका ठोक्याचा नाद विरताना लाटेसारखा कमी-जास्त होत जातो. घंटेचं अंग सगळीकडे अगदी सारखं जाड नाही, त्यामुळे जवळजवळ सारख्या पण किंचित वेगळ्या कंपनसंख्येचे दोन सूर एकदम निघतात आणि एकमेकांना छेदतात. पोर वितळवून घंटा ओतल्याची दंतकथा गाईड हमखास सांगतात. धातूच्या तपासणीत तिला आधार मिळालेला नाही.

वॉल्जीच्या वस्तूंचं वेगळं दालन आहे. तलावाला जायच्या आधी ते बघा. १९७५-७६ मध्ये तलावाचा गाळ उपसला तेव्हा ३०,००० हून जास्त वस्तू मिळाल्या: होडी, कात्री, भांडी, कौलं. दारूच्या बैठकीत टाकायचा १४ बाजूंचा लाकडी फासाही निघाला. प्रत्येक बाजूवर एक शिक्षा लिहिलेली. खरा फासा सुकवताना जळून गेला, दिसतो ती प्रतिकृती.

---

कोकणकडा

वॉल्जीबद्दल माझ्याकडून. तिकीट ३,००० वॉन, रात्री दहाला बंद, शेवटचा प्रवेश साडेनऊ. ऑक्टोबरअखेर सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सगळे 'रात्रीचं दृश्य' म्हणून सात-आठला जातात आणि रांगेत उभे राहतात. सूर्यास्ताच्या आधी वीस मिनिटं आत शिरा. उजेडात काठ नीट दिसतो, दिवे लागताना आकाश निळं असतं, आणि पूर्ण काळोख होईपर्यंत तुम्ही बाहेर. फोटोही त्या अर्ध्या तासातच बरे येतात. नंतर पाण्यात नुसते पिवळे ठिपके.

तलावाची रचना समजून फिरा. ६७४ मध्ये राजा मुन्मूच्या काळात हा खोदला. महालाकडचा पश्चिम काठ सरळ, दगडी. पूर्व आणि उत्तर काठ मुद्दाम नागमोडी. कुठेही उभं राहिलात तरी पूर्ण तलाव एका नजरेत दिसत नाही, म्हणून लहान असूनही मोठा वाटतो. दिसतात ते तीन मंडप अलीकडे बांधलेले आहेत. फेरी एकाच दिशेनं मारा, गर्दीत उलटं फिरता येत नाही. वाट सपाट आहे, सासूबाईंना अडचण नाही.

वॉल्जॉन्ग्यो पूल फुकट. मूळ पूल ७६० चा, आताचा २०१८ मध्ये पूर्ण झालेला. वरचं छप्पर तर्कानं बांधलेलं. पुलावरून पूल दिसत नाही, म्हणून नदीतल्या पायदगडांवरून फोटो काढतात. पाऊस झाला की ते दगड पाण्याखाली जातात, आणि गुडघे दुखरे असतील तर कोरडे असतानाही तिकडे फिरकू नका. दोन दगडांमध्ये चांगलं अंतर आहे.

चॉमसॉन्गदे: खगोल वेधशाळा म्हणून प्रसिद्ध, राणी सॉन्दॉकच्या काळातली (६३२ ते ६४७). नऊ मीटरच्या थोडी वर, दगडांचे २७ थर, मध्ये दक्षिणेकडे एक चौकोनी खिडकी. खिडकीच्या पातळीपर्यंत आतून माती-दगड भरलेत. २०१६ च्या ५.८ च्या भूकंपात ती किंचित हलली पण उभी राहिली. त्या भरावाला बरंचसं श्रेय देतात. आत जाता येत नाही, कुंपणाबाहेरून पाहायची. दहा मिनिटं पुरतात. ऑक्टोबरात शेजारी गुलाबी गवताचा पट्टा फुलतो आणि बहुतेकांना त्याचेच फोटो हवे असतात.

---

सोनटक्का

आता दुसऱ्या दिवसाचं. बुल्गुक्सा आणि सॉक्गुराममध्ये चढ किती? सॉक्गुरामला काचेमागूनच पाहावं लागतं असं वाचलं. एवढ्या लांब जायचं आणि काच बघून यायची?

---

पायपीट

चढ टाळता येतो. टर्मिनलजवळून १० आणि ११ नंबरच्या बस सुटतात. दोन्ही एकाच वर्तुळावर, उलट दिशांनी. ११ म्युझियमच्या बाजूनं बुल्गुक्साला जाते, १० बोमुन तलावाच्या बाजूनं. कुठलीही पकडा, पाऊण तासाच्या आसपास. घोटाळा परतताना होतो: आलो त्याच नंबरची बस उलट दिशेच्या स्टॉपवरून शोधत बसू नका, त्याच बसनं पुढे गेलात तरी वर्तुळ पूर्ण होऊन गावातच येता.

बुल्गुक्साच्या स्टॉपवरून १२ नंबर वर सॉक्गुरामच्या वाहनतळापर्यंत जाते. ही तासाला एकच्या आसपास असते, आणि सगळा दिवस तिच्यावर टांगलेला असतो. म्हणून उतरल्याबरोबर आधी १२ ची वेळ पाहा. बस लवकर असेल तर आधी वर जा, नसेल तर आधी बुल्गुक्सा. वर पोचलात की परतीच्या बसची वेळ लगेच टिपून घ्या. शेवटची बस संध्याकाळ होण्याआधीच जाते. चुकली तर टॅक्सी, तीही वर सहज मिळत नाही, खालून बोलवावी लागते.

वाहनतळापासून गुहेपर्यंत पाऊण किलोमीटरच्या आतली मातीची वाट आहे, जवळजवळ सपाट, झाडीतून. शेवटी थोड्या पायऱ्या. सासूबाईंना जमेल. बुल्गुक्साहून पायी चढणारी वाट सव्वादोन किलोमीटर आहे, तासभर, आणि पायऱ्याच पायऱ्या. तुमच्यासाठी नाही.

दोन्ही ठिकाणी मे २०२३ पासून प्रवेश फुकट आहे. पार्किंगचे पैसे मात्र घेतात.

---

गारगोटी

काचेबद्दल. तक्रार रास्त आहे. आत पाच मिनिटंही मिळत नाहीत, गर्दी पुढे सरकत राहते, फोटो काढू देत नाहीत. तरी जा, पण काय पाहायचं ते ठरवून जा.

महाराष्ट्रातली लेणी पाहिलेल्या माणसाला ही जागा जास्त कळेल. कल्पना भारतातून मध्य आशिया आणि चीनमार्गे आलेल्या लेण्यांचीच, पण कोरियातला ग्रॅनाइट आपल्या बेसॉल्टसारखा सलग कोरून आत शिरण्यातला नाही. म्हणून त्यांनी उलटं केलं: ३६० हून अधिक घडीव दगड जोडून गोल घुमटाचं दालन बांधलं आणि वर माती घालून त्याचा डोंगर केला. काम ७५१ मध्ये मंत्री किम देसॉन्गनं सुरू केलं, ७७४ च्या सुमारास संपलं. घुमटात चुना-सिमेंट नाही. गोलाईतून मध्येमध्ये लांब दगड खिळ्यासारखे आत घुसवलेत; त्यांची मागची टोकं मातीच्या भारानं दाबली जातात आणि घुमट धरून राहतो. वर बघितलंत तर त्या दगडांची डोकी बाहेर आलेली दिसतील. मधला बुद्ध साधारण साडेतीन मीटर, भूमिस्पर्श मुद्रेत, तोंड पूर्वेला समुद्राकडे. त्याच्या मागचं प्रभामंडळ मूर्तीला जोडलेलं नाही, मागच्या भिंतीवर आहे. समोर ठरावीक अंतरावर उभं राहिलं की ते डोक्यामागे बरोबर बसतं. मूर्तीमागे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलाय, तो काचेतून दिसत नाही, एवढंच वाईट.

काच का? १९१३ ते १९१५ दरम्यान जपानी राजवटीत गुहा उकलून पुन्हा बांधली आणि बाहेरून काँक्रीटचा जाड थर दिला. त्याआधी दगडांतल्या फटींतून हवा खेळत असे आणि खालून झऱ्याचं गार पाणी जात असे, त्यामुळे दमटपणा खालच्या दगडावर साचे, मूर्तीवर नाही, असं बरेच अभ्यासक मानतात. काँक्रीटनं ते बंद झालं. पाणी मूर्तींवर साचायला लागलं, शेवाळ आलं, ते वाफेनं धुतलं. १९६० च्या दशकात वर दुसरा घुमट, समोर लाकडी मंडप आणि यंत्रानं हवा कोरडी करणं सुरू झालं. आत माणसं गेली की श्वासातून दमटपणा वाढतो. म्हणून काच.



---

वाटसरू_कोल्हापूर

हे माहीत असतं तर एका दिवसाचा हट्ट केला नसता. बुल्गुक्सात काय बघायचं तेही लिहा.

---

गारगोटी

लाकडी देवळं मूळची नाहीत. १५९३ मध्ये जपानी स्वारीत जळाली, नंतर टप्प्याटप्प्यानं बांधली, आणि आताचं बरंचसं रूप १९६९ ते १९७३ च्या कामाचं. आठव्या शतकाचं उरलं ते दगडी काम. म्हणून रंगीत छपरांपेक्षा खाली बघा.

समोरच्या जिन्याच्या दोन भागांत मिळून ३३ पायऱ्या आहेत. त्यावरून जाऊ देत नाहीत, बाजूनं प्रवेश. जिन्याच्या शेजारच्या चौथऱ्यात खाली नदीतल्यासारखे ओबडधोबड दगड आहेत आणि त्यांवर घडीव पट्ट्या. घडीव दगडाची खालची कड त्या ओबड दगडाच्या प्रत्येक उंचवट्याप्रमाणे कोरून बसवली आहे. मध्ये भराव नाही. भूकंपात अशी जोडणी थोडी सरकते पण निखळत नाही.

अंगणात दोन स्तूप. पश्चिमेचा सॉक्गाताप साधा, तीन मजली. १९६६ मध्ये चोरांनी तो फोडायचा प्रयत्न केला, दुरुस्तीसाठी उकलला तेव्हा आत छापील धारणीसूत्राची गुंडाळी मिळाली. लाकडी ठशांनी छापलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या मजकुरांत तिची गणना होते. पूर्वेचा दाबोताप नक्षीदार. दगडाचं काम आहे पण जोडणी सुताराची वाटते. त्याच्यावर चार सिंह होते, आता एकच आहे. हाच स्तूप १० वॉनच्या नाण्यावर आहे. ताळा करायला नाणं खिशात ठेवा.

शाळांच्या सहली दहा-साडेदहापासून येतात. नऊला आत असाल तर अंगण मोकळं मिळेल. वेळ दीड तास. व्हीलचेअरसारखं काही असेल तर मात्र पाट्या पाहून फिरा, मागच्या अंगणांत उंबरे आणि पायऱ्या बऱ्याच आहेत.

---

शेवगा

खाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि शाकाहारी माणसाचं तिथेच अडतं.

'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. कोरियात मासा, शिंपल्या, सुकी अँचोवी यांना बरेच लोक 'मांस' धरत नाहीत. किमचीत बहुतेकदा माशाचा किंवा कोळंबीचा आंबवलेला रस असतो. सूपचा रस्सा अँचोवीचा असतो. बोमुन तलावाकडे सुंदुबूची (मऊ टोफूची) दुकानं आहेत, टोफू ऐकून लोक खूश होतात, पण रश्श्यात शिंपल्या किंवा मांस असतं. भाषांतरासाठी पापागो अ‍ॅप वापरा आणि पूर्ण वाक्य लिहून दाखवा: मांस, मासा, समुद्रातलं काही, आणि माशाचा रस किंवा रस्सा काहीच नको.

त्यातल्या त्यात सोपं: बिबिम्बाप (भातात भाज्या कालवून), मांसाशिवाय सांगून (गोचुजांगमध्ये, म्हणजे तिखट मिरचीच्या चटणीत, कधीकधी मांस परतलेलं असतं, तेही विचारा). बुल्गुक्साच्या पायथ्याशी रानभाज्यांचा सान्चे-बिबिम्बाप मिळतो, तो तुमच्यासाठी सर्वांत बरा. साम्बाप म्हणजे पानांत भात गुंडाळून खायचं मोठं ताट; देरुंगवॉनजवळ त्याची दुकानं ओळीनं आहेत. भाज्यांच्या वाट्या पुष्कळ, पण मधला पदार्थ मांस-मासा असतो आणि ताट किमान दोघांसाठीच देतात.

ह्वांगनाम-पांग हा लाल घेवड्याच्या गोड सारणाचा छोटा भाजलेला पाव, १९३९ पासूनचा. पुरणाची सवय असलेल्या जिभेला लगेच रुचतो. अंडं चालत असेल तर हरकत नाही. गरम खा, दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. १० वॉनच्या नाण्याच्या आकाराचा चीजचा पाव ह्वांगनिदान-गिल या रस्त्यावर सगळे हातात धरून फिरतात. मजेचा आहे, जेवण नव्हे.

कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी देवळाचं अन्न शोधावं. मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसणासकट त्या जातीच्या पाच तिखट वासाच्या भाज्या वर्ज्य असतात.

---

डोंगरयात्री_ठाणे

नामसान सरसकट गाळायला सांगताय ते सोनटक्का यांच्यासाठी ठीक. पण धागा पुढे इतरही वाचतील, म्हणून लिहून ठेवतो. एक पूर्ण दिवस जास्त असेल आणि पाय धड असतील तर समुद्रापेक्षा नामसान घ्या.

नेहमीची वाट: सामनुंग (तीन थडगी आणि वाकड्या खोडांचं पाइनचं बन) इथून चढायला सुरुवात. ओढ्याच्या कडेनं आधी डोकं नसलेला बसलेला बुद्ध, मग खडकावर उठावात कोरलेला अवलोकितेश्वर, मग नुसत्या रेषांनी कोरलेले सहा बुद्ध, पुढे सांगसॉनाम आश्रम, आणि वर गुमोबोंग शिखर, ४६८ मीटर. तिथून दक्षिणेला योंगजांगसा मठाच्या जागेवर उतरा. तिथला तीन मजली स्तूप कड्याच्या टोकावर आहे, खालचा आख्खा डोंगर त्याचा चौथरा समजून उभारलेला. उतार योंगजांग गावात. थांबत गेलात तर पाच तास. उंची पाहून फसू नका. सकाळी लवकर न निघाल्यास रेषांचे बुद्ध दिसत नाहीत, कारण उथळ रेषा तिरप्या उन्हातच उठतात. वर पाण्याची सोय धरून चालू नका. पाऊस झाल्यावर ग्रॅनाइटची उतरण घसरडी होते, तेव्हा चढलात त्याच वाटेनं परत या.

---

कोकणकडा

समुद्राकडच्याबद्दल माझी नाराजी आधीच नोंदवतो. राजा मुन्मू ६८१ मध्ये वारला, ड्रॅगन होऊन किनारा राखीन म्हणाला अशी कथा. त्याची समाधी म्हणजे बोंगगिल किनाऱ्यापासून २०० मीटरवरचे खडक. तिथवर जाता येत नाही. वाळूत उभं राहून खडक आणि बगळे-कुरव बघायचे. शेजारी वॉल्सॉन्ग अणुवीज केंद्र. मुदांग, म्हणजे देवऋषी बायका, किनाऱ्यावर पूजा मांडून बसलेल्या असतात, ते मात्र पाहण्यासारखं. फोटो विचारून काढा.

त्याच रस्त्यावर आत गामुन्सा मठाची जागा आहे, ६८२ ची. ती समुद्रापेक्षा शंभरपट मोलाची. १३ मीटरच्या वर उंच जुळे स्तूप, माणूस जवळजवळ कुणी नाही. मुख्य मंदिराच्या पायाखाली दगडी पोकळी ठेवली आहे. ड्रॅगन झालेल्या राजाला समुद्रातून आत येता यावं म्हणून. बस विरळ आहेत, वेळ न पाहता उतरलात तर दोन तास बसून राहाल. वाटेतलं गोलगुल्सा हे कड्यात कोरलेला बुद्ध असलेलं देऊळ भारतातून आलेल्या भिक्षूंनी स्थापलं असं तिथली परंपरा सांगते. तिथे सॉन्मुदो या मठातल्या युद्धकलेची प्रात्यक्षिकं होतात. पण चढ उभा आहे.

---

सोनटक्का

ठरलं: पहिला दिवस गाव, दुसरा तोहामसान. तीन बारक्या शंका. सामान कुठे ठेवू? नकाशा कुठला? आणि व्हिसा असतानाही आणखी ते के-इटीए लागतं का?

---

पायपीट

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसाच लागतो. के-इटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) व्हिसामाफी असलेल्या देशांसाठी आहे, तुम्हाला नाही. ते काढून देतो म्हणणाऱ्या वेबसाइटींना पैसे देऊ नका.

नकाशा नेव्हर किंवा काकाओ (कोरियन अ‍ॅप). चालायची वाट आणि बसची नेमकी वेळ यांसाठी गुगलवर विसंबू नका. नेव्हरमध्ये इंग्रजी चालतं, पण लहान जागांची नावं इंग्रजीत टाकून सापडली नाहीत तर कोरियन नाव चिकटवा. बसला टी-मनी कार्ड (पैसे भरून वापरायचं). भरणा किराणा दुकानात रोखीनं होतो, म्हणून दहा-वीस हजार वॉन रोख जवळ ठेवा. उतरताना कार्ड पुन्हा टेकवा, नाहीतर पुढच्या बसला बदलीची सवलत मिळत नाही.

मुक्काम टर्मिनल आणि देरुंगवॉनच्या मध्ये घ्या. बोमुनची हॉटेलं मोठी आणि तळ्याकाठची आहेत, पण रात्री वॉल्जीहून परतायला बस किंवा टॅक्सी लागेल. गावात राहिलात तर हॉटेल सामान दोन्ही दिवस ठेवून घेतं. टर्मिनलवर लॉकर आहेत, मोठ्या बॅगेचे खण थोडे आणि शनिवारी सकाळीच भरतात.

पहिल्या दिवशी साडेचारच्या सुमारास म्युझियममधून निघा. तिथून वॉल्जी पायी दहा मिनिटं. वाटेत थोडं बसून घ्या, सूर्यास्ताच्या थोडं आधी वॉल्जीत शिरा. वॉल्जॉन्ग्यो नंतर, टॅक्सीनं. अंतर चालण्याजोगं आहे, पण दिवसभराच्या फिरण्यानंतर सासूबाईंना तो शेवटचा दीड किलोमीटर नको.